अमेरिकेचा सागरापार विस्तार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सागरापार विस्तारात नेमके काय मोडते?

अटलांटिकच्या किनाऱ्यावरील तेरा वसाहतींपासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत अमेरिका जमिनीवरून पसरत गेली, तो इतिहास येथे विचारात घेतलेला नाही. तो विस्तारही मूळ रहिवाशांना हुसकावून आणि १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोचा मोठा मुलूख घेऊनच झाला. मात्र असे प्रदेश कालांतराने इतरांच्या बरोबरीची राज्ये होतील, हे तेथे गृहीत धरलेले होते. समुद्र ओलांडल्यावर हे गृहीतक टिकले नाही. घेतलेल्या बेटांपैकी एकटे हवाई राज्य झाले आणि तेही सामिलीकरणानंतर ६१ वर्षांनी. बेटाचे पुढे काय करायचे, हे ठरवताना जमिनीच्या मोलापेक्षा तेथे कोण आणि किती लोक राहतात याला अधिक वजन मिळाले, असे आमचे वाचन आहे आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

या विस्ताराची सुरुवात १८९८ मध्ये झाली, हे बरोबर आहे का?

शालेय पुस्तकांत तसेच वाचायला मिळते, पण सुरुवात त्याच्या बरीच आधी झाली होती. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेपासून बनलेले गुआनो हे खत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फार मौल्यवान होते. अशा खताचे साठे असलेले आणि कोणाच्याही ताब्यात नसलेले बेट कोणाही अमेरिकन नागरिकाला सापडल्यास त्यावर देशाच्या वतीने दावा सांगता येईल, असा कायदा १८५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने केला. हाउलंड, बेकर आणि जार्व्हिस ही पॅसिफिकमधील निर्मनुष्य बेटे याच कायद्याच्या आधारे अमेरिकेकडे आली. खत संपल्यावर तेथून माणसे गेली, हक्क मात्र कायम राहिला.

त्याच सुमारास कमोडोर मॅथ्यू पेरी यांनी युद्धनौका घेऊन जपान गाठला आणि १८५४ मध्ये कानागावाचा तह करून दोन बंदरे अमेरिकी जहाजांसाठी उघडून घेतली. १८६७ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतला आणि मिडवे हे प्रवाळबेटही त्याच वर्षी ताब्यात आले. १८९८ मध्ये जे घडले ते यापेक्षा वेगळे होते, कारण तेव्हा प्रथमच दाट वस्तीचे, स्वतःचा इतिहास असलेले आणि स्वातंत्र्यासाठी लढत असलेले देश एकदम हाती आले.

हवाईचे राज्य अमेरिकेत कसे गेले?

हवाई हे एकोणिसाव्या शतकात युरोपीय देशांनी मान्य केलेले स्वतंत्र राज्य होते. बॉस्टनहून निघालेले अमेरिकी मिशनरी १८२० मध्ये तेथे पोहोचले. त्यांनी हवाईयन भाषेला लिपी दिली, शाळा काढल्या आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील अनेकजण जमीन, ऊस आणि राजकारण यांत शिरले. १८७५ च्या व्यापारी करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली आणि सगळी अर्थव्यवस्था त्या एका पिकावर उभी राहिली. १८८७ मध्ये सशस्त्र मळेवाल्यांच्या दबावाखाली राजा कालाकौआ यांना आपले अधिकार कमी करणाऱ्या राज्यघटनेवर सही करावी लागली आणि त्याच वर्षी पर्ल हार्बर वापरण्याचा एकाधिकार अमेरिकेला मिळाला. पुढे १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने सर्वच देशांची कच्ची साखर करमुक्त केली आणि देशांतर्गत उत्पादकांना अनुदान दिले; त्यामुळे हवाईच्या साखरेचा फायदा एका फटक्यात नाहीसा झाला. अमेरिकेत सामील झालो तर आपणही देशांतर्गत ठरू, हा हिशेब मळेवाल्यांनी तेव्हाच मांडला.

राणी लिलिउओकलानी यांनी राजसत्तेचे अधिकार परत मिळवणारी नवी राज्यघटना आणण्याचे ठरवताच जानेवारी १८९३ मध्ये मूठभर गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि मळेवाल्यांनी उठाव केला. अमेरिकेचे तेथील राजदूत जॉन स्टीव्हन्स यांनी ‘बॉस्टन’ या युद्धनौकेवरून सैनिक उतरवले, तेव्हा रक्तपात टाळण्यासाठी राणीने सत्ता सोडली. आपण उठाववाल्यांपुढे नमत नसून अमेरिकेच्या बळापुढे नमत आहोत, असे तिने लेखी नोंदवले. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी चौकशी करवली, हा प्रकार अन्यायाचा असल्याचे मान्य केले आणि सामिलीकरण रोखले, पण राणीला गादीवर परत बसवणे काही त्यांना जमले नाही. १८९७ मध्ये २१ हजारांहून अधिक मूळ हवाईयनांनी सामिलीकरणाच्या विरोधात सह्या केल्या. तहासाठी लागणारे सिनेटमधील दोनतृतीयांश मत जुळेना, तेव्हा जुलै १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध चालू असताना, साध्या बहुमताने संमत होणाऱ्या संयुक्त ठरावाची वाट काढण्यात आली. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या सत्तांतरातील सहभागाबद्दल माफी मागितली.

हेच मिशनरी आपल्याकडेही आले होते का?

होय, आणि हवाईच्याही आधी. हवाईला माणसे पाठवणारे अमेरिकन बोर्ड १८१० मध्ये स्थापन झाले आणि त्याचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी कोलकात्यातून हाकलले गेल्यावर फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेने मुंबईत छापखाना चालवला, १८३१ पासून अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे.

एकाच संस्थेच्या दोन ठाण्यांची ही तुलना बोलकी आहे. मुंबई इलाख्यात राज्य इंग्रजांचे होते. त्यामुळे अमेरिकी मिशनऱ्यांचा प्रभाव शाळा, छपाई आणि धर्मचर्चा यांच्यापुरता राहिला आणि त्यांच्या मुलांच्या हाती सत्ता येण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. हवाईत तशी बलाढ्य सत्ता आड नव्हती. उठावानंतर तेथे स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचे अध्यक्ष सॅनफर्ड डोल हे मिशनरी आईवडिलांचेच पुत्र होते.

१८९० च्या दशकातच विस्ताराची घाई का झाली?

पश्चिमेकडील मोकळी सीमारेषा आता उरलेली नाही, असे १८९० च्या जनगणनेने नोंदवले. १८९३ च्या आर्थिक संकटात बँका आणि रेल्वे कंपन्या बुडाल्या आणि कारखान्यांचा माल परदेशात खपवल्याशिवाय गत्यंतर नाही असे उद्योगपती बोलू लागले. नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहन यांनी समुद्रावरील सत्तेविषयी १८९० मध्ये मांडलेला विचार याच वेळी राज्यकर्त्यांच्या पचनी पडला. वाफेच्या जहाजांना कोळसा लागतो, कोळसा भरायला ठाणी लागतात, म्हणून महासागरात ठिकठिकाणी बंदरे हवीत आणि दोन महासागर जोडणारा कालवाही हवा, असा त्याचा व्यवहारी गाभा होता. युरोपीय देश त्याच वेळी आफ्रिका वाटून घेत होते, ही ईर्षाही त्यात होतीच.

युद्ध क्युबासाठी झाले, मग फिलिपिन्स कसे हाती आले?

क्युबात १८९५ पासून स्पेनविरुद्ध उठाव चालू होता आणि स्पॅनिश सेनापती वेलर यांनी खेड्यांतील लोकांना छावण्यांत कोंडल्यामुळे तेथे उपासमारीने आणि रोगराईने असंख्य माणसे मेली. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटाने बुडाली आणि २६० हून अधिक खलाशी दगावले. स्पेनचा हात असल्याचा पुरावा नव्हता. नंतरच्या एका नौदलीय तपासणीत नौकेतील कोळशाच्या आगीची शक्यता पुढे आली. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांना मात्र तपासाची वाट पाहायची नव्हती. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा क्युबा स्वतःकडे ठेवणार नाही अशी हमी काँग्रेसने आधीच दिली होती. फिलिपिन्सविषयी कोणी हमी मागितली नव्हती आणि दिलीही नव्हती.

पहिली मोठी लढाई क्युबापासून हजारो मैलांवर, मनिलाच्या उपसागरात झाली. १ मे रोजी अमेरिकी नौदलाचे जॉर्ज ड्यूई यांनी तेथील स्पॅनिश आरमार काही तासांत बुडवले. जूनमध्ये ग्वाम बेटावर अमेरिकी नौकेने तोफा डागल्या, तेव्हा तेथील स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली, कारण युद्ध सुरू झाल्याची वार्ताच त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ऑगस्टमध्ये मनिला शहर घेताना तर स्पॅनिश आणि अमेरिकी सेनापतींनी लुटुपुटूची लढाई आधीच ठरवून घेतली होती. शहराला वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला आत येऊ द्यायचे नाही, यावर दोघांचेही एकमत होते. १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिसच्या तहाने पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेला मिळाले आणि दोन कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सही. ज्यांच्या देशाचा हा व्यवहार होता, त्यांना वाटाघाटीत जागा नव्हती.

फिलिपिनो लोकांनी हे मान्य केले का?

नाही. स्पेनविरुद्धच्या फिलिपिनो बंडाचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांना हाँगकाँगहून परत येण्यासाठी अमेरिकी जहाजच उपयोगी पडले होते आणि अमेरिका आपल्याला मदत करते आहे या समजुतीने त्यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले होते. जानेवारी १८९९ मध्ये मालोलोस येथे राज्यघटनेसह प्रजासत्ताक स्थापन झाले. ४ फेब्रुवारीला मनिलाबाहेर अमेरिकी पहारेकऱ्याने गोळी झाडली आणि युद्ध पेटले. दोनच दिवसांनी सिनेटने पॅरिसच्या तहाला ५७ विरुद्ध २७ मतांनी, म्हणजे आवश्यक संख्येपेक्षा केवळ एक मत जास्त मिळवून, मान्यता दिली. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग यांची ‘गोऱ्या माणसाच्या ओझ्या’ची कविता त्याच महिन्यात अमेरिकेला उद्देशून प्रसिद्ध झाली.

समोरासमोरच्या लढाईत टिकाव लागत नाही असे दिसल्यावर आगिनाल्दो यांनी गनिमी कावा स्वीकारला. त्याला उत्तर म्हणून अमेरिकी सैन्याने गावे जाळली, बंदिवानांच्या घशात पाणी ओतून त्यांचा छळ केला आणि बातांगास प्रांतात लोकांना ठरावीक वस्त्यांत कोंडले. ज्या उपायासाठी वेलर यांची अमेरिकेत निर्भर्त्सना झाली होती, तोच हा उपाय होता. समार बेटावर बालांगिगा येथे अमेरिकी तुकडीची कत्तल झाल्यानंतर जनरल जेकब स्मिथ यांनी बेट ओसाड करण्याचे आणि शस्त्र धरू शकणाऱ्या, दहा वर्षांवरील कोणालाही न सोडण्याचे तोंडी आदेश दिले. त्यांच्यावर लष्करी खटला चालला, शिक्षा झाली ती केवळ ताकीद आणि सक्तीची निवृत्ती. ४ जुलै १९०२ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचे जाहीर केले, तरी दक्षिणेतील मोरो मुसलमानांशी लढाई १९१३ पर्यंत चालली. या युद्धात सुमारे ४,२०० अमेरिकी सैनिक आणि २० हजारांहून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसा, उपासमार आणि पटकी यांनी मेलेल्या सामान्य नागरिकांची संख्या दोन लाखांपर्यंत धरली जाते. तीन महिने चाललेल्या स्पेनशी युद्धाची स्मारके अमेरिकेत गावोगाव दिसतात, या दुसऱ्या युद्धाचे नावही तेथे फारसे कोणाला आठवत नाही.

अमेरिकेत याला विरोध झाला नाही का?

झाला, आणि तो नामांकितांनी केला. १८९८ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या साम्राज्यविरोधी संघात लेखक मार्क ट्वेन, पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी आणि कामगार नेते सॅम्युएल गॉम्पर्स हे एरवी एका व्यासपीठावर न बसणारे लोक एकत्र आले. तथापि या विरोधाला उदात्ततेचा एकच रंग देणे चुकीचे ठरेल. शासितांच्या संमतीशिवाय राज्य करणे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याशी विसंगत आहे, असे काहीजण म्हणत होते. तर एवढे आशियाई लोक आपल्या नागरिकांत मिसळतील, ही भीती काहींना, विशेषतः दक्षिणेतील सिनेटरांना, वाटत होती. विस्तारवादी आणि त्यांचे विरोधक यांच्यात वांशिक पूर्वग्रहाबाबत पुष्कळदा मतभेद नव्हता; फक्त त्यावरून काढायच्या निष्कर्षात होता.

जिंकलेल्या बेटांना अमेरिकेची राज्यघटना लागू झाली का?

हा प्रश्न संत्र्यांवरून न्यायालयात गेला. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात आकारली गेली. बेट जर अमेरिकेचे असेल तर देशातल्या देशात जकात कशी, असा व्यापाऱ्याचा सवाल होता. १९०१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात वैध ठरवली. पोर्तो रिको अमेरिकेच्या मालकीचे आहे, पण अमेरिकेचा भाग नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यातून सामावून घेतलेले आणि सामावून न घेतलेले असे प्रदेशांचे दोन वर्ग तयार झाले आणि दुसऱ्या वर्गातील लोकांना राज्यघटनेतील काही मूलभूत हक्क तेवढे मिळतील, बाकीचे काँग्रेसच्या मर्जीवर राहतील, असे ठरले. लोकांशिवाय जमीन हवी होती, त्या इच्छेला येथे कायद्याचे रूप मिळाले.

क्युबा स्वतंत्र झाला, तर ग्वांतानामो अमेरिकेकडे कसे?

क्युबाला १९०२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले ते अमेरिकेने लादलेली प्लॅट दुरुस्ती आपल्या राज्यघटनेत घातल्यावरच. क्युबात हस्तक्षेप करण्याचा अधिकार आणि नाविक तळांसाठी जागा, या तिच्यातील दोन मुख्य अटी होत्या. १९०३ मध्ये ग्वांतानामोचा उपसागर वर्षाला २,००० सोन्याच्या डॉलरच्या भाड्याने देण्यात आला. १९३४ मध्ये बाकीच्या अटी रद्द झाल्या, पण दोन्ही पक्षांची संमती असल्याखेरीज किंवा अमेरिकेने तळ सोडल्याखेरीज भाडेपट्टा संपणार नाही, असे नव्या तहात लिहिले गेले. १९५९ च्या क्रांतीनंतर आलेल्या भाड्याच्या धनादेशांपैकी सुरुवातीचा एक सोडून क्युबाने ते वटवलेले नाहीत.

पनामा कालव्याची जमीन कशी मिळाली?

पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत होता. कालव्याचा करार कोलंबियाच्या सिनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये फेटाळला. ३ नोव्हेंबरला पनामात बंड झाले आणि कोलंबियाच्या सैन्याला ते मोडता येऊ नये म्हणून अमेरिकी युद्धनौका किनाऱ्याजवळ उभ्या होत्या. पंधरा दिवसांत नव्या देशाच्या वतीने तहावर सही झाली, ती फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच गृहस्थाची, ज्यांचा जुन्या फ्रेंच कालवा कंपनीशी आर्थिक संबंध होता. एक कोटी डॉलर रोख आणि वर्षाला अडीच लाख डॉलर या मोबदल्यात दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा मिळाला. कालवा १५ ऑगस्ट १९१४ रोजी खुला झाला. १९७७ च्या करारांनुसार तो ३१ डिसेंबर १९९९ रोजी पनामाच्या पूर्ण ताब्यात गेला.

झेंडा न लावता सत्ता गाजवण्याची पद्धत कोठून आली?

फिलिपिन्सचा अनुभव महाग पडला होता. युरोपीय देशांनी पश्चिम गोलार्धात ढवळाढवळ करू नये, असे सांगणाऱ्या मन्रो सिद्धान्ताला १९०४ मध्ये रूझवेल्ट यांनी पुरवणी जोडली आणि पश्चिम गोलार्धातील देश कर्ज फेडत नसतील किंवा तेथे बेबंदशाही असेल तर तेथे पोलिसगिरी करण्याचा अधिकार अमेरिकेला आहे, असे सांगितले. लगेच १९०५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाची जकातनाकी अमेरिकी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. लहान देशाचे बहुतेक उत्पन्न जकातीचे असल्यामुळे राजवाड्यापेक्षा जकातनाके हाती असणे अधिक परिणामकारक होते.

हैतीमध्ये याचे उग्र रूप दिसले. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी तेथील राष्ट्रीय बँकेतून पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले. पुढच्या जुलैमध्ये सैन्य उतरले ते १९३४ पर्यंत हलले नाही. परकीयांना जमीन घेण्यास असलेली बंदी नव्या राज्यघटनेने उठवली, रस्त्यांसाठी वेठबिगार लावण्यात आली आणि त्याविरुद्ध उठलेले शार्लमान्य पेरल्त १९१९ मध्ये मारले गेले. निकाराग्वातही १९१२ पासून १९३३ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, अमेरिकी सैन्य होते. चीनमध्ये मात्र बलाढ्य प्रतिस्पर्धी असल्याने १८९९ पासून सर्वांना सारखा व्यापारहक्क असावा अशी ‘खुल्या दारा’ची भाषा अमेरिका बोलत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर काय बदलले?

१९४० मध्ये ५० जुन्या विनाशिका देऊन अमेरिकेने ब्रिटिश वसाहतींतील तळांच्या जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतल्या, हे पुढच्या व्यवस्थेचे आरंभीचे रूप म्हणता येईल. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेने डॉलरला जागतिक चलनव्यवस्थेच्या केंद्रस्थानी बसवले, युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या मार्शल योजनेतून पश्चिम युरोपला सुमारे १,३०० कोटी डॉलर मिळाले आणि १९४९ मध्ये नाटो ही लष्करी युती स्थापन झाली. चलनाचा दाब काय करू शकतो हे १९५६ मध्ये ब्रिटनने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर सैन्य पाठवले तेव्हा दिसले: पौंड कोसळत असताना अमेरिकेने आधार नाकारला आणि ब्रिटनला सैन्य मागे घ्यावे लागले. इराणमध्ये १९५३ साली आणि ग्वातेमालात १९५४ साली निवडून आलेली सरकारे उलथण्यात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा हात होता, हे अमेरिकी सरकारच्याच खुल्या झालेल्या कागदपत्रांतून स्पष्ट आहे.

फिलिपिन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाला, तोही अटींसह. नैसर्गिक संपत्तीवर अमेरिकनांना फिलिपिनोंइतकाच हक्क देण्यासाठी त्याला स्वतःची राज्यघटना बदलावी लागली आणि १९४७ मध्ये तळांचा करार करावा लागला. ते तळ १९९२ पर्यंत बंद झाले, कारण १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला होता.

भारतावर या प्रभावाचा परिणाम कसा झाला?

भारताला तो गव्हातून आणि आरमारातून जाणवला. १९५४ च्या ‘पीएल ४८०’ या अमेरिकी कायद्याखाली भारत १९५६ पासून रुपयांत पैसे चुकते करून धान्य घेऊ लागला. १९६५ आणि १९६६ च्या दुष्काळांत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी धान्याची जहाजे तुटक तुटक सोडली. शेतीधोरण बदलावे हा त्यामागे एक हेतू होता आणि व्हिएतनाम युद्धावरील भारताची टीकाही त्यांना खुपत होती. अन्नधान्यात स्वयंपूर्ण होण्याच्या निर्धाराला या अपमानाने धार आली. साठून राहिलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत डॅनियल मॉयनिहन यांनी भारत सरकारला परत दिला. डिसेंबर १९७१ मध्ये ‘एंटरप्राइझ’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे आली, ती ज्या सातव्या आरमाराची होती त्याचा दुरुस्तीचा आणि पुरवठ्याचा मोठा तळ फिलिपिन्समधील सुबिक येथे होता. १८९८ मध्ये मिळालेले बंदर तीन पिढ्यांनंतर आपल्या दारापर्यंत पोहोचले ते असे.

आज या प्रदेशांतील लोकांचा दर्जा काय आहे?

पोर्तो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, उत्तर मारियाना आणि १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरला घेतलेली व्हर्जिन बेटे, हे पाच वस्तीचे प्रदेश आज उरले आहेत. पोर्तो रिकोची लोकसंख्या सुमारे ३२ लाख आहे आणि तेथील लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे. तरीही बेटावर राहत असेपर्यंत त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही आणि प्रतिनिधिगृहातील त्यांच्या एकमेव सदस्याला विधेयकांच्या अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. वृद्ध आणि अपंगांसाठीची एक केंद्रीय मदत पोर्तो रिकोला न देणे वैध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. त्याच निकालात न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी १९०१ च्या संत्र्यांच्या खटल्यासारखी ती जुनी निकालमाला वांशिक समजुतींवर उभी असल्याचे सांगून ती मोडीत काढण्याची मागणी केली.

अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना जन्मतः नागरिकत्वही मिळत नाही. ते केवळ अमेरिकेचे राष्ट्रीय मानले जातात. याविरुद्ध काही सामोअनांनी खटले लढवले, पण खुद्द सामोआच्या निर्वाचित सरकारने त्यांना विरोध केला. बेटावरील बहुतेक जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती बाहेरच्यांना विकण्यावर निर्बंध आहेत. राज्यघटना पूर्ण लागू झाली तर समानतेच्या कलमाखाली हे निर्बंध टिकणार नाहीत, अशी त्या सरकारला भीती वाटते. हवाईत जमिनीचे काय झाले, हे सामोआच्या लोकांना ठाऊक आहे.